घाट उतरण्यापूर्वी



पत्रिकेवर आमचे नाव पाहून पुष्कळांनी अशी मनाची तयारी केली असेल की, आज तासभर बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत ऐकावी लागणार. चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘लोणावळ्याहून समुद्रापर्यंत सायकलीने’ असे सांगितले आणि पलीकडून क्षणभर काही उत्तरच आले नाही. कामगार संघटनेचा माणूस सहलीवर काय बोलणार, अशी शंका त्यांना आली असावी. ती रास्तच आहे. परंतु आमचे तीस वर्षांचे काम बव्हंशी सायकलीवरूनच झाले आहे. तळेगावच्या फाटकावर पहाटेच्या पाळीला पत्रके वाटावीत, कामशेतला एखाद्याच्या घरी जाऊन त्याची बाजू समजून घ्यावी, आणि रात्री वळवणच्या तलावाकडून वारा खात घरी यावे, असा हा धंदा. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कचेरीतल्या एका कपाटातून आणि सायकलीच्या बैठकीवरून. तेव्हा या विषयाचा आम्हांस थोडाबहुत अधिकार आहे, एवढे गृहीत धरावे.

आम्ही अकरा जणांनी मिळून येत्या हिवाळ्यात मावळातून कोकणकिनाऱ्यापर्यंत सायकलीने जाऊन परत येण्याचे योजिले आहे. त्यात यंत्रावर काम करणारे पाच, रेल्वेतून निवृत्त झालेला एक, एक आशाताई, एका शाळेतल्या स्वयंपाकीणबाई, कंत्राटी कामावरची दोन तरुण मुले आणि आम्ही. वयाचा पल्ला बावीसपासून एकसष्टपर्यंत. अकरांपैकी गिअरची सायकल तिघांकडे. बाकीच्यांच्या साध्या, काळ्या, भक्कम.

प्रथम वाट सांगतो. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे आणि खोपोली अगदी पायथ्याशी. मध्ये बोरघाट. पहिल्या दिवशी खंडाळ्यावरून घाट उतरून खोपोली आणि तेथून पाली. हे सारे मिळून पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास. पालीस बल्लाळेश्वर आहे, देवस्थानची भक्तनिवासे आहेत आणि गावाजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडे आहेत. पहिल्या दिवसाच्या पोटऱ्यांना त्याहून मोठा प्रसाद नाही. दुसऱ्या दिवशी वाकण, नागोठणे, पोयनाड आणि कार्लेखिंड ओलांडून अलिबाग. तिसऱ्या दिवशी सामान तेथेच ठेवून नागाव, चौल, रेवदंडा करून परत अलिबागला मुक्काम. चौथ्या दिवशी पेणवरून खोपोली. पाचव्या दिवशी पहाटे घाट चढून दुपारच्या आत लोणावळे. कागदावर ही गोष्ट किती सोपी दिसते पाहा! संपाची नोटीससुद्धा कागदावर अशीच सोपी दिसते.

आता कोणी म्हणेल की चौलच का? महाबळेश्वर नाही, गोवा नाही, रेवदंडा-चौलात असे काय आहे? श्रोतेहो, ही वाट आम्ही काढलेली नाही. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यांत राजेरजवाड्यांची दाने आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, यवनांचीही आहेत. या माणसांचा माल घाटाखाली कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांत उतरत असे, आणि बोरघाटाच्या तोंडाशी कार्ले-भाजे ही विसाव्याची ठिकाणे होती. आम्हांस मात्र त्यांतला एकच लेख सर्वांत मोठा वाटतो. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, लेण्याचे द्वार केले, असे अभ्यासकांनी तेथे वाचले आहे. सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, त्याचे गाव आणि त्याचे काम! आजच्या किती इमारतींवर सुताराचे नाव कोरलेले आहे? त्या सुताराच्या दारापासून निघून त्या काळच्या बंदरापर्यंत आपल्या पायांच्या बळावर जावे, एवढीच आमची हौस आहे. चौलाची कीर्ती पुढेही टिकली. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी तेथे उतरला होता आणि रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

खुद्द बोरघाटाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाड्यांना जाण्याजोगा रस्ता येथे १८३० साली खुला झाला आणि आगगाडी १८६३ साली घाट चढली. पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांवर चढ आणि पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी त्यांतले हजारो गेले. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या थकबाकीवरून येथे मजुरांचा मोठा दंगा झाला. मुंबईत गिरणी कामगारांची पहिली सभा भरण्याच्या पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. धनगराने साहेबाला वाट दाखविली अशी त्याची कथा आपण सारेच ऐकत आलो. जाणारे-येणारे त्याला नाणे टाकतात. आम्हीही टाकू, आणि ते त्या हजारोंच्या नावानेही टाकू.

आता योजनेकडे वळतो. योजना करायला बसलो तेव्हा तरुण मंडळींनी पहिला प्रश्न विचारला, ‘पहिल्या दिवशी किती लांब जायचे?’ निवृत्त रेल्वेवाल्या सोबत्याने उलट विचारले, ‘शेवटच्या दिवशी वर कसे यायचे?’ सारी योजना या दुसऱ्या प्रश्नातून निघाली. डोंगराकडून समुद्राकडे जाणाऱ्याला पहिल्या सकाळी असे वाटते की, आपल्या अंगात फार बळ आले. पॅडल न मारता सायकल धावते, वारा तोंडावर येतो, झाडे मागे पळतात. ते बळ आपले नसते. ते उताराचे असते. घाट उतरताना जी उंची आपण खर्च करतो ती उसनवारी आहे. पाचव्या दिवशी खोपोलीच्या चौकात ती व्याजासह मागितली जाते. वळवणचे पाणी नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरते; १९१५ साली त्याची वीज सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरल्या. पण ते पाणी एकदा खाली गेले की परत लोणावळ्यास येत नाही. माणसाला परत यावे लागते. सोमवारी त्याची पाळी असते.

म्हणून आम्ही हिशेब उलटा मांडला. सर्वांत हळू चालणाऱ्याला सामानासह घाट चढायला किती वेळ लागेल? साध्या सायकलीवर बसून बोरघाट चढणे आमच्या वयाच्या माणसाचे काम नव्हे. सायकल हातात धरून चालावे लागणार. तासाला चार किलोमीटर धरले तर खोपोली ते लोणावळे हे पंधरा-सोळा किलोमीटर म्हणजे चार तास झाले. उन्हाच्या आत वर यायचे तर पहाटे निघायला हवे. पहाटे निघायचे तर आदल्या रात्री खोपोलीतच मुक्काम हवा. खोपोलीत मुक्काम म्हणजे चौथ्या दिवशी अलिबागहून पेणवरून साठ किलोमीटर, आणि तेही जपून, कारण पाय दुसऱ्या सकाळसाठी राखायचे आहेत. तिसरा दिवस हलका का, हेही आता ध्यानात येईल. पुढून पाहिले असते तर आम्ही तिसऱ्या दिवशी मुरूड-जंजिरा गाठला असता आणि पाचव्या दिवशी टेम्पो शोधत बसलो असतो.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. चढ माणसाला दमवितो, पण हाडे मोडतो तो उतारच. आगगाडीसुद्धा हा घाट उतरताना थांबवून ब्रेक पाहिल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. तेव्हा आम्ही काय केले पाहिजे ते उघड आहे. झिजलेली ब्रेकची रबरे निघण्यापूर्वी बदलावी. तार एक जास्तीची जवळ ठेवावी. मागचा ब्रेक सतत आवळून धरू नये, त्याने रिम तापते आणि रबर पकड सोडते. दोन्ही ब्रेक मिळून दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. दोन सायकलींत तीस-चाळीस पावलांचे अंतर ठेवावे. कोणी कोणाला मागे टाकू नये. दर दोन किलोमीटरांवर उतरून रिमेला हात लावून पाहावा. चटका बसला तर चहा प्यावा. यात शौर्य नाही, पण अकराच्या अकरा माणसे खोपोलीत पोचतात.

एक्स्प्रेस मार्गावर सायकलीला मज्जाव आहे, हे आपण जाणताच. जुन्या रस्त्याने, शिंग्रोबावरून उतरायचे. परंतु घाटात जुना आणि नवा रस्ता एकमेकांना भिडतात, तेथे कोणत्या बाजूने जावे याचे फलक पाहून ठेवले पाहिजेत. त्यासाठी दोघांनी आधी एका रविवारी जाऊन यायचे, असे ठरले आहे. तीच गोष्ट वाकण ते नागोठणे या टप्प्याची. मुंबई-गोवा रस्त्यावरचे ते चार-पाच किलोमीटर अवजड गाड्यांचे आहेत. सकाळी लवकर, एकामागे एक, गप्पा न मारता उरकायचे.

आता माणसांची मांडणी. लोकांची समजूत अशी की, सर्वांत बळकट तो पुढे. आम्ही आगगाडीकडून निराळे शिकलो. पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबते. लोकांना वाटते ती बटाटेवड्यासाठी थांबते. खरे तर तेथे गाडीच्या मागे इंजिने जोडतात. घाटात गाडी मागून रेटावी लागते. आमच्यातला सर्वांत दमदार गडी सर्वांच्या मागे राहील. पंप, पाना, सोल्युशन, रबराचे तुकडे, दोन ट्यूबा आणि औषधाची पिशवी त्याच्या कॅरिअरवर. पुढे राहील ती आमची आशाताई. वाड्यावस्त्या पायी पालथ्या घालून तिची चाल एकसारखी झाली आहे आणि ती कोणाच्या ईर्षेला भुलत नाही. तिच्या पुढे जायचे नाही आणि मागच्या गड्याच्या मागे राहायचे नाही, एवढे दोनच नियम. बाकीच्या शिस्तीची गरज पडत नाही, हा आमचा मोर्च्यांतला अनुभव आहे.

कोणत्या महिन्यात जावे? वैशाखात कोकणच्या उन्हात सायकल म्हणजे आत्मघात. पावसाळ्याचे तर बोलायलाच नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे हे आपले गाव. दिवाळीनंतर हवा चांगली होते, पण आमच्यातल्या चौघांची भातखाचरे आहेत. कापणी, झोडणी होऊन भात घरात आल्याखेरीज मावळातला माणूस कोठेही जाणार नाही, आणि जाऊ नये. म्हणून मार्गशीर्ष किंवा पौष. त्यातही तिथी पाहायची, ती मुहूर्तासाठी नव्हे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. कोकणातले लोक तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात. येईल तो ठोकळमानाने भरतीचा तास. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. तथापि किल्ल्याकडे पाऊल टाकण्यापूर्वी तेथल्या कोळ्याला विचारावे. गणित आपले, समुद्र त्याचा.

तयारी आतापासूनच सुरू झाली आहे. दर रविवारी कार्ल्यापर्यंत जाऊन येतो. पुढे पवनानगरचा रस्ता धरू, त्यात चढउतार चांगले आहेत. परंतु एक गोष्ट ध्यानी आली. एका दिवसाची सहल आणि पाच दिवसांची सहल यांत केवळ पाचपटीचा फरक नाही. पहिल्या दिवसाचा शीण दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. तळहात बधिर झालेले असतात, बैठकीवर बसवत नाही, मान वळत नाही. म्हणून सराव लागोपाठ दोन दिवसांचा हवा. खाण्याचे म्हणाल तर आपल्या गावाच्या चिक्कीसारखे सायकलवाल्याचे अन्न नाही. गूळ आणि शेंगदाणे, खिशात मावते, उन्हात नासत नाही. पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे. सामान प्रत्येकी एका पिशवीत मावेल इतकेच. स्वयंपाकीणबाईंनी अकरा जणांच्या पिशव्या एकदा जमिनीवर ओतायला लावल्या आणि निम्म्या वस्तू घरी परत पाठविल्या. खालच्या वस्तूला वजन नसते, म्हणाल्या, चढावर ती माणूस होते.

लागोपाठ दोन दिवस, मग लागोपाठ पाच दिवस. येथे आमचा घाट लागतो, श्रोतेहो. बोरघाटाहून हा अवघड.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची एक सुट्टी मागितली. ती मिळायला १८९० साल उजाडले. आज जो रविवार आपण झोपण्यात घालवतो तो सहा वर्षे मागून मिळालेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम भरलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या संहितेत ही २४० दिवसांची अट १८० वर आली. २४० दिवसांचे गणित केले तर बारा दिवस होतात. पाच दिवसांच्या सहलीत एक साप्ताहिक सुट्टी धरली तर चार दिवस रजेचे. म्हणजे वर्षाच्या रजेचा तिसरा हिस्सा समुद्राला. घरचे आजारपण, बहिणीचे लग्न, गावची जत्रा, भाताची लावणी यांतून वाचवलेला. यंत्रावरच्या पाचांनी तो कबूल केला आहे. घरी बोलून केला आहे, आणि ते बोलणे व्यवस्थापकाशी बोलण्याहून सोपे नव्हते.

राहिली कंत्राटी कामावरची दोन मुले. रजेचा हक्क त्यांनाही आहे. कायदा माणसाच्या मागे ‘कायम’ असे लिहिलेले पाहत नाही. परंतु त्यांचा ठेकेदार बदलला की कामाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, आणि चार दिवस दिसला नाहीत तर पाचव्या दिवशी फाटकावर दुसरा माणूस असेल असे त्यांना तोंडी सांगण्यात आले आहे. कोणत्या कारखान्याचे हे आम्ही येथे सांगत नाही. ती तक्रार जेथे द्यायची तेथे दिली जाईल. आज प्रश्न आहे तो सहलीचा. मंडळाच्या बैठकीत एकाने सुचविले की, नऊ जणांनी वर्गणी काढून त्या दोघांचा बुडालेला रोज भरून द्यावा. वर्गणी लगेच जमलीही. त्यावर त्या दोघांतला धाकटा जे बोलला ते आम्ही जसेच्या तसे सांगतो. तो म्हणाला, ‘दादा, रोज तुम्ही द्याल. पण सोमवारी फाटक कोण उघडेल?’

या प्रश्नावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोणी म्हणाले, नऊ जणांनी जाऊन यावे, पुढच्या वर्षी या दोघांना न्यावे. मत घेतले तेव्हा या सूचनेला एकही हात वर झाला नाही, सूचना करणाऱ्याचाही नाही. ठराव असा झाला की, त्या दोघांची रजा लेखी मंजूर होऊन हातात पडेपर्यंत सहलीची तारीख ठरवायची नाही. वर्गणीचा पैसा तसाच ठेवायचा. अर्ज गेले आहेत. पोच घेतली आहे. उत्तर यायचे आहे.

काही हितचिंतक आम्हांस म्हणतात की, सहलीसारख्या मौजेच्या गोष्टीत हा संघटनेचा हट्ट कशाला? त्यांना आम्ही आदराने एक जुनी गोष्ट आठवून देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मावळातून, घाटावरून, कोकणातून गेलेली कितीतरी कुटुंबे त्यात होती. आपल्यापैकी काहींच्या घरची असतील. त्या संपाचे माप काढण्याची ही जागा नव्हे, आणि त्या माणसांच्या धैर्याला तर आमच्याजवळ मापच नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, तो संप सुरू झाला तो दिवस कोणीही सांगेल; संपला तो दिवस कोणालाच सांगता येत नाही. उतरण्याची वाट सर्वांना ठाऊक होती, चढून यायची कोणाच्याच नकाशावर नव्हती. त्या काळी आम्ही शाळकरी पोर होतो; पण पुढे या कामात पडल्यावर प्रत्येक सभेत ही गोष्ट आमच्या डोळ्यांपुढे राहिली. बाहेर पडण्यापूर्वी परत येण्याचे बोलावे. आणि परत येताना सर्वांत अडचणीत कोण असेल, त्याला आधी विचारावे. हा नियम संपाला लागू आहे तसाच सहलीला आहे. मौजेत जो पाळता येत नाही तो नियम संकटात कोण पाळणार?

आपल्यापैकी अनेकांची स्वतःची दुकाने आहेत, लहान कारखाने आहेत, कोणाच्या हाताखाली दहा माणसे आहेत, कोणाच्या दोन. आपणांस आमची एक विनंती आहे. आपल्या माणसाने वर्षातून एकदा लागोपाठ चार दिवस मागितले, आजारपणासाठी नव्हे, लग्नासाठी नव्हे, केवळ समुद्र पाहण्यासाठी मागितले, तर त्याला कारण विचारू नये. लोणावळ्याला उभा देश हवा खायला येतो. त्यांच्या खोल्या झाडणाऱ्या, त्यांना चहा देणाऱ्या, त्यांचे सामान उचलणाऱ्या माणसांपैकी कितीजणांनी पन्नास-साठ मैलांवरचा समुद्र पाहिला आहे, हे एकदा ज्याने-त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

आणि ज्यांना आमच्याबरोबर यायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आपापली सायकल घेऊन स्टेशनाजवळ यावे. नवी सायकल लागत नाही. ब्रेकची रबरे मात्र आम्ही स्वतः पाहू, आणि झिजलेली असतील तर तुम्ही कोणीही असा, परत पाठवू.